हेड गॅस्केट खरेच उडाले का? जुन्या फियाटच्या इंजिनाचे निदान कसे करावे

(प्रतिनिधी)

रविवारची सकाळ. बोरघाटाचा चढ निम्मा पार झाला असताना एक जुनी फियाट रस्त्याच्या कडेला उभी राहते. बॉनेट उघडताच वाफेचा लोट वर येतो. येणारे-जाणारे थांबतात आणि एखादे अनुभवी गृहस्थ आत डोकावून निकाल देतात, ‘गॅस्केट उडाले!’ दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली जाते, हेड उतरते, नवे गॅस्केट बसते. महिन्याभराने त्याच घाटात, त्याच वळणावर पुन्हा तीच वाफ.

जुनी मोटार हौसेने जपणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. त्यात चूक दोन ठिकाणी होते. पहिली निदानात. गॅस्केट उडाल्याची म्हणून जी लक्षणे सांगितली जातात, त्यातील जवळजवळ प्रत्येक लक्षण दुसऱ्या एखाद्या किरकोळ दोषामुळेही दिसू शकते. दुसरी चूक उपचारात. गॅस्केट खरोखर उडालेले असले, तरी ते बहुधा आधीच्या कुठल्या तरी आजाराचा परिणाम असते. तो आजार तसाच ठेवून केवळ गॅस्केट बदलले, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. शिवाय जुन्या गाडीचे मूळ हेड दरवेळी थोडे थोडे झिजते, आणि तसे हेड आता सहज मिळत नाही.

ही कोणती गाडी?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट ११०० या मालिकेतील मोटारी बाहेर पडत. १९६४ पासून ‘डिलाइट’, १९७२ पासून ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ अशी नावे बदलत गेली. इंजिन मात्र मूलतः तेच राहिले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण कित्येक वर्षे अबाधित होते. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदणी झालेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी मालकांकडे मात्र या गाड्या आजही जपलेल्या आढळतात.

या गाडीचे इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घनसेंटिमीटरचे आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, तर पिस्टनचा फेरा ७५ मिलिमीटर. खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. या दोन धातूंच्या जोडीतच आपल्या विषयाचे मर्म आहे.

एक पातळ थर, तीन कामे

ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. जुन्या इंजिनांत हे गॅस्केट बहुधा तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचा थर घालून केलेले असे. त्याला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. सिलिंडरमधील जळता वायू बाहेर पडू द्यायचा नाही, इंजिन थंड ठेवणारे पाणी आपल्या मार्गातच राखायचे आणि रॉकरकडे जाणारे ऑइल पाण्यात मिसळू द्यायचे नाही.

काम किती कठीण आहे, याची कल्पना साध्या हिशेबाने येते. पेट्रोल पेटते त्या क्षणी सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३०-४० किलोचा दाब धरला, तर ६८ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरच्या वर हेडला उचलू पाहणारा जोर सुमारे सव्वा टनाचा होतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये असा तडाखा सेकंदाला २५ वेळा बसतो. हेडचे बोल्ट योग्य ताणाने आवळलेले आणि दोन्ही पृष्ठे सपाट असतील, तरच हा थर टिकाव धरतो.

आता धातूंकडे वळू. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. हेड ४० सेंटिमीटर लांब आहे आणि इंजिन ७० अंशांनी तापले असे समजू. ॲल्युमिनियमचे हेड सुमारे ०.६४ मिलिमीटरने वाढेल, तर तेवढ्याच लांबीचा बिडाचा ब्लॉक ०.३१ मिलिमीटरने. फरक अवघा एक तृतीयांश मिलिमीटरचा; परंतु इंजिन प्रत्येक वेळी तापताना आणि निवताना हेड गॅस्केटवर तेवढे घासले जाते. नेहमीच्या तापमानात गॅस्केट हे सोसते. पाणी उकळून संपले आणि हेड बेसुमार तापले, की बोल्टांनी जखडलेल्या ॲल्युमिनियमला पसरायला जागा उरत नाही आणि ते वाकते. पुन्हा थंड झाल्यावरही हा बाक पूर्णपणे जात नाही. वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केट फार काळ टिकत नाही, ते यामुळेच.

गाडी गरम होण्याची कारणे बहुधा साधी असतात. गाळाने भरलेला रेडिएटर, सैल फॅन बेल्ट, झिजलेला पाण्याचा पंप, बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट, मागे पडलेले इग्निशन टायमिंग किंवा सैल झालेले रेडिएटरचे झाकण. झाकणाला क्षुल्लक समजू नये. सात पौंड दाब धरून ठेवणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११ अंशांनी वाढवते. झाकणाची स्प्रिंग दुबळी झाली की हे संरक्षण जाते. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते.

आपल्याकडे आणखी एक कारण नित्याचे आहे. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी भरले जाते. त्यातील क्षार ब्लॉकमध्ये आतून साचतात आणि पाण्याच्या छिद्रांभोवतीचे ॲल्युमिनियम कुरतडले जाते. गॅस्केटची कड जिथे टेकायची, तिथेच खड्डा पडतो.

लक्षणे आणि त्यांचे फसवे जुळे

गॅस्केट कुठे फाटले यावर लक्षणे अवलंबून असतात. दोन शेजारच्या सिलिंडरमधील पट्टी जळाली, तर इंजिन ‘मिसिंग’ करते आणि चढावर दम सोडते. पाणी मात्र कमी होईलच असे नाही. सिलिंडर आणि पाण्याचा मार्ग यांमधील भाग फाटला, तर जळता वायू पाण्यात शिरतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, वरचा रबरी पाइप थंड इंजिन सुरू केल्यानंतर काही क्षणांतच टणक होतो आणि गाडी वारंवार गरम होते. हेच पाणी उलट सिलिंडरमध्ये गेले, की सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. ऑइल आणि पाण्याचे मार्ग एकमेकांना मिळाले, तर डिपस्टिकवर दुधाळ, चहाच्या रंगाचे ऑइल दिसते.

आता फसगत कुठे होते ते पाहू. थंडीच्या किंवा पावसाळी सकाळी सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ ही साध्या दवाची असते. इंजिन पुरते तापल्यावर ती थांबली, तर काळजीचे कारण नाही; थांबली नाही, तर आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली साचलेला पिवळसर साका पाहून अनेकांचा धीर सुटतो. गाडी केवळ भाजी आणण्यापुरती बाहेर निघत असेल, तर आतील दमटपणामुळेही असा साका जमतो. मात्र डिपस्टिकवरील ऑइलच दुधाळ असेल, तर तो गंभीर इशारा समजावा. ‘मिसिंग’ एखाद्या खराब प्लगमुळे, जळालेल्या व्हॉल्व्हमुळे किंवा फार आवळलेल्या टॅपेटमुळेही होते. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे. तिथे संशय पिस्टनच्या रिंगांवर किंवा व्हॉल्व्हच्या गाइडवर घ्यावा.

तात्पर्य, एका लक्षणावरून हेड उतरवू नये. दोन स्वतंत्र चाचण्या एकाच ठिकाणाकडे बोट दाखवू लागल्या, तरच पाना हाती घ्यावा.

चाचण्यांचा क्रम

स्वस्त आणि सोप्या चाचणीपासून सुरुवात करावी. पुढीलपैकी पहिल्या तीन चाचण्यांना फारसा खर्च येत नाही.

१) थंड इंजिनाची पाहणी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे रेडिएटर उघडून पाण्याची पातळी पाहावी. पाण्यावर ऑइलची तवंग आहे का, डिपस्टिकवर दुधाळपणा आहे का, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर बाहेरून पाण्याचे वा ऑइलचे ओघळ आहेत का, हे नोंदवावे. पाणी कमी होत असेल, तर आधी रबरी पाइप, पंप आणि हीटरच्या जोडण्या तपासाव्यात.

२) प्लगची परीक्षा. चारही प्लग काढून क्रमाने मांडावेत. तीन प्लग तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची दाट शक्यता आहे. येथे एक सावधगिरी हवी. सिलिंडरमध्ये रात्रीत पाणी साचल्याचा संशय असेल, तर प्लग काढण्यापूर्वी स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

३) बुडबुड्यांची चाचणी. इंजिन थंड असताना फॅन बेल्ट काढावा, म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही. रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे आणि एक-दोन मिनिटेच चालवावे. आरंभीची अडकलेली हवा निघून गेल्यानंतरही बुडबुड्यांची माळ अखंड येत राहिली, तर जळता वायू पाण्यात शिरत आहे. एकेका प्लगची तार काढल्यावर ज्या सिलिंडरला बुडबुडे कमी होतात, तो दोषी. तार इंजिन बंद करूनच काढावी. विजेचा झटका चांगलाच बसतो.

४) कॉम्प्रेशन मोजणे. इंजिन तापवून चारही प्लग काढावेत, कॉइलची तार सोडवावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरला मीटर लावून सारखेच फेरे द्यावेत. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. येथे आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची असते. चारही सिलिंडरचे आकडे थोडे कमी पण सारखे असतील, तर इंजिन वयोमानाने झिजले आहे. सर्वांत अधिक आणि सर्वांत कमी आकड्यांत १०-१५ टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर शोध पुढे न्यावा. कमी आकडा दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला, तर दोष रिंगांचा; वाढला नाही, तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील, तर संशयाचा काटा त्यांच्यामधील गॅस्केटकडे झुकतो.

५) हवेची चाचणी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये जखडून, प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा सोडावी आणि कान द्यावा. फुसफूस कार्बोरेटरमधून आली, तर इनलेट व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून आली, तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले किंवा शेजारच्या प्लगच्या छिद्रातून हवा आली, तर गॅस्केट किंवा तडा गेलेले हेड. इतके नेमके उत्तर दुसरी कुठलीच चाचणी देत नाही.

६) रासायनिक चाचणी. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरून वरची हवा त्यातून ओढली जाते. त्यात पेट्रोलच्या ज्वलनाचा वायू असेल, तर द्राव पिवळा होतो. वायूची गळती किंचित असतानाही ही चाचणी उपयोगी पडते.

या सर्व चाचण्यांत गॅस्केट निर्दोष ठरले, तर हेडला हात लावण्याचे कारण नाही. रेडिएटर, थर्मोस्टॅट, टायमिंग आणि झाकण यांच्याकडे वळावे. अनेक घाटांत उभ्या राहिलेल्या गाड्यांचे गुपित तिथेच सापडते.

हेड उतरवल्यावर

हेड पूर्ण थंड झाल्याखेरीज बोल्ट सोडवू नयेत. कडेकडून मध्याकडे येत, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा सैल करावा. एकदम एका बाजूने सोडल्यास चांगले हेडही वाकू शकते. चिकटलेल्या हेडखाली पेचकस घालून उचकटण्याचा मोह टाळावा. मऊ ॲल्युमिनियमवर कायमचा ओरखडा उठतो.

जुने गॅस्केट लगेच फेकू नये, कारण तोच खरा पुरावा असतो. काळवंडलेला, जळालेला भाग कुठल्या सिलिंडरजवळ आहे, गंजाचे ओघळ कुठून कुठे गेले आहेत, हे पाहून चाचण्यांच्या निष्कर्षाशी ताडून घ्यावे. दोन्ही जुळत नसतील, तर दोष अद्याप सापडलेला नाही असे समजावे. हे पाहताना एक धोका ध्यानी ठेवावा. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ते कोरडे खरवडू नये, तारेचा ब्रश किंवा दाबाची हवा मारू नये. ओले करून काढावे आणि पिशवीत बंद करावे.

त्यानंतर सरळ कडेची पोलादी पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखाली फीलर गेज सरकते का पाहावे. अंतिम मर्यादा त्या इंजिनाच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहावी, सर्वसाधारणपणे ०.१० मिलिमीटरहून अधिक फट गेली, तर मशिन शॉपमध्ये ‘फेसिंग’ करावे लागते. ब्लॉकचा पृष्ठभागही असाच तपासावा. तो पाहायचा अनेकदा राहून जातो. व्हॉल्व्हच्या बैठकींमधील बारीक तड्यांसाठी हेडची दाबचाचणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

फेसिंग करताना गरजेपुरताच धातू काढावा. दर खेपेला हेड पातळ होते, कॉम्प्रेशन वाढते आणि एक वेळ अशी येते, की काढण्यासारखे काही उरत नाही. चुकीच्या निदानाची खरी किंमत येथे मोजावी लागते.

बसवताना

बोल्टांची छिद्रे आणि आटे स्वच्छ, कोरडे असावेत. बंद तळाच्या छिद्रात ऑइल वा पाणी राहिले आणि त्यावर बोल्ट आवळला, तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गॅस्केटची पाण्याची आणि ऑइलची छिद्रे ब्लॉकशी जुळवून पाहावीत. फियाटच्या गॅस्केटवर वरची बाजू दाखवण्यासाठी ‘आल्तो’ असा इटालियन शब्द छापलेला आढळतो; तो वरच राहिला पाहिजे.

आवळण्याचा क्रम मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क पान्यानेच. ‘हाताचा अंदाज’ कितीही मुरलेला असला, तरी प्रत्येक बोल्टवर सारखा ताण तो देऊ शकत नाही. जुन्या पद्धतीचे गॅस्केट पहिल्यांदा तापल्यावर दबून बसते. म्हणून इंजिन एकदा तापवून, पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर पुस्तिकेप्रमाणे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि टॅपेटची फट जुळवावी. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर हेच पुन्हा तपासावे. ऑइल दुधाळ झाले असेल, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. पाणी मिसळलेल्या ऑइलवर गाडी चालवली, तर क्रँकची बेअरिंग खराब होतात आणि गॅस्केटचे काम इंजिनच्या कामावर जाते.

रेडिएटरमध्ये क्षारविरहित पाणी आणि गंजरोधक कूलंट घालावे. रस्त्यात गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा घरगुती उपाय अनेक चालकांना ठाऊक आहे. घरी पोहोचण्यापुरते ते ठीक. परंतु रेडिएटरच्या अरुंद नळ्याही त्याने बुजतात. थर्मोस्टॅट काढून टाकणे हाही उपाय नव्हे.

घाटात गाडी गरम झालीच, तर इंजिन बंद करून स्वस्थ थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी चेहऱ्यावर उडते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जाण्याची ती खात्रीची वाट आहे. अर्धा-पाऊण तास गेला, तरी चालेल.

एवढी काळजी एका जुन्या गाडीसाठी का, असा प्रश्न कुणी विचारील. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, व्यापारी वापरात नसलेले आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन या वर्गात बसते. साठच्या दशकातील ‘डिलाइट’ वयाने या कसोटीला उतरते. पहिल्या पद्मिनींनीही २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. वय आपोआप वाढते. मूळ इंजिन मात्र मालकाला राखावे लागते. म्हणून पुढच्या वेळी घाटात कुणी ‘गॅस्केट उडाले’ म्हणाले, तर त्यांचे आभार मानावेत, इंजिन निवू द्यावे आणि घरी येऊन पहिल्या चाचणीपासून सुरुवात करावी.